खाली कोण राहते? : लहान मातीच्या बांधांची जबाबदारी

(हुलसूर येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, त्यांनी इथल्या मुलांना गणित शिकवले. म्हणून आज मी थोडे गणित मांडणार आहे. फळा लागणार नाही, तोंडी करता येईल इतकेच ते आहे.

विषय धरणाचा असला तरी कारंजा किंवा चुळकी नाल्यासारख्या मोठ्या सरकारी प्रकल्पांबद्दल मी बोलणार नाही. त्यांना अभियंते आहेत, वर्षाचे अंदाजपत्रक आहे, पाहणीच्या तारखा ठरलेल्या आहेत. मी बोलणार आहे एखाद्या शेतकऱ्याने आपल्या रानात, ओढ्याच्या चिंचोळ्या जागी, स्वतःच्या खर्चाने घातलेल्या मातीच्या बांधाबद्दल. उंची पाच-सात मीटर, लांबी शे-दीडशे मीटर, मागे दोन-तीन एकरांत पसरलेले पाणी. असा बांध फुटला तर काय होते, तो फुटू नये म्हणून कोणी पाहायचे, आणि फुटलाच तर कोणी उत्तर द्यायचे, हे तीन प्रश्न मला आपल्यापुढे ठेवायचे आहेत.

आपला मुलूख पाणलोटाच्या माथ्यावर आहे. हुलसूरकडचे पाणी मांजरेला मिळून गोदावरीत जाते. बसवकल्याणच्या दक्षिणेला मुल्लामारी उगम पावते, तिचे पाणी कागिणा आणि भीमेतून कृष्णेला जाते. माथ्यावरच्या माणसाला मोठी नदी लाभत नाही. त्याच्या वाट्याला ओढे येतात, आणि ओढा वर्षातले दहा महिने कोरडा. त्यामुळे ओढा अडवायचा मोह इथे सर्वांत जास्त आहे, आणि गरजही. दुष्काळात टँकरच्या रांगा पाहिलेल्या माणसाला पाणी अडवू नकोस असे सांगायचा अधिकार मला नाही. ते मी सांगणारही नाही.

आधी एक फरक स्पष्ट करतो, कारण सरकारी कागदांत आणि गावच्या बोलण्यातही तो हरवतो. कर्नाटकात 2014 पासून कृषी भाग्य योजनेत कृषी होंडा झाले. महाराष्ट्रात 2016 पासून 'मागेल त्याला शेततळे' आले. यातले बहुतेक तळे म्हणजे जमिनीत खोदलेला खड्डा. जमिनीच्या पातळीखाली साठलेले पाणी फुटून कुठे जाणार? त्यात लेकरू पडण्याचा धोका असतो, म्हणून कुंपण हवे, दोर हवा, चढायला पायऱ्या हव्यात. तो वेगळा विषय आहे. ज्या तळ्याचे पाणी आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच उभे आहे, ज्याला मातीच्या भरावाने धरून ठेवले आहे, ते मात्र फुटते. माझा विषय एवढाच.

आता कायदा पाहू. देशाचा धरण सुरक्षा कायदा 2021 चा. 30 डिसेंबर 2021 पासून तो लागू आहे. त्याच्या कक्षेत 15 मीटरपेक्षा उंच धरणे येतात. 10 ते 15 मीटर उंचीची धरणे येतात ती काही अटींवर : माथ्याची लांबी 500 मीटर किंवा जास्त, किंवा साठा दहा लाख घनमीटर किंवा जास्त, किंवा पुराचा विसर्ग सेकंदाला 2000 घनमीटर किंवा जास्त, किंवा पाया अवघड, किंवा रचना वेगळ्या धाटणीची. या धरणांच्या मालकांनी पावसाळ्याआधी आणि नंतर पाहणी करायची, आणीबाणीचा आराखडा तयार ठेवायचा, ठरावीक काळाने बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यायची. यंत्रणेच्या सूचना धुडकावल्या तर शिक्षा आहे. चांगला कायदा आहे, तो यायला फार उशीर झाला. पण 10 मीटरच्या खाली तो एक शब्दही बोलत नाही. कर्नाटकात सरकारी तलावांची वाटणीही ठरलेली आहे : 40 हेक्टरपासून 2000 हेक्टरपर्यंत लाभक्षेत्र असलेले तलाव लघु पाटबंधारे खात्याकडे, त्याहून लहान जिल्हा पंचायतीकडे. खाजगी बांध यातल्या कोणत्याच वहीत नाही.

उंची हे माप सोपे आहे, म्हणून कायद्याने ते घेतले. पण माणसाच्या जिवाला लागू पडणारे माप ते नव्हे. माळावर बारा मीटरचा बांध असला आणि खाली पाच मैल नुसते गवत असले, तर फुटल्यावर मालकाचे नुकसान होईल. सहा मीटरचा बांध असला आणि अर्ध्या मैलावर ओढ्याच्या काठाने दहा घरांची वस्ती असली, तर रात्रीतून दहा घरे जातील. पहिला बांध अटी पुऱ्या करत असेल तर कायद्याला दिसतो. दुसरा दिसत नाही.

आता गणित. समजा आपल्या बांधाला दोन चौरस किलोमीटरचे, म्हणजे साधारण पाचशे एकरांचे पाणलोट आहे. परतीच्या पावसात तीन तासांत 100 मिलिमीटर पाऊस पडला. आपल्याकडे हे अशक्य नाही. 2020 च्या ऑक्टोबरात बंगालच्या उपसागरातून निघालेला पट्टा हैदराबाद, कलबुर्गी, सोलापूर असा झोडपत गेला होता. त्याच आठवड्यात हैदराबादच्या बालापूर भागातल्या गुर्रम चेरुवूचा बांध फुटला आणि खालच्या वस्त्यांत पाणी शिरले. तर, पाचशे एकरांवर 100 मिलिमीटर म्हणजे दोन लाख घनमीटर पाणी. जमीन आधीच भिजलेली आहे, म्हणून निम्मे वाहून आले असे धरू : एक लाख घनमीटर. तीन तासांत आले, तर सरासरी सेकंदाला नऊ घनमीटर. पूर सरासरीने येत नाही, मधल्या तासात तो दुप्पट होतो. म्हणजे अठरा.

हे अठरा घनमीटर सांडव्यातून गेले पाहिजेत. सांडव्यावरून अर्धा मीटर जाडीचा प्रवाह वाहिला, तर एक मीटर रुंदीतून सेकंदाला सुमारे 0.6 घनमीटर पाणी जाते. अठरासाठी तीस मीटर रुंदी हवी. आणि प्रत्यक्षात रानातल्या बांधाला सांडवा किती असतो? जेसीबीच्या बकेटने दोन फेऱ्यांत काढलेला, तीन मीटरचा. त्यातून दोन घनमीटरही जात नाहीत. उरलेले पाणी तळ्यात चढत राहते, माथ्यावर पोचते आणि मातीवरून वाहू लागते. मातीच्या बांधावरून पाणी वाहिले की तो बांध संपला. दगडी किंवा काँक्रीटची भिंत थोडा वेळ ते सोसते. माती बाहेरच्या उतारावरून खरवडत जाते आणि भगदाड पाहता पाहता तळापर्यंत उतरते.

सहा मीटर खोलीचे, तीस हजार घनमीटरचे तळे असे फुटले, तर सुरुवातीच्या काही मिनिटांत विसर्ग सेकंदाला शंभर घनमीटरच्या घरात जाऊ शकतो. पूर होता अठराचा. खालच्या माणसाने पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेला ओढा अठराचा होता, आणि घर कुठे बांधायचे हे त्याने त्या ओढ्याला पाहून ठरवले होते. त्याच्या दारात शंभर येतात. माझ्या दृष्टीने सगळा प्रश्न इथे आहे. बांध घालणारा माणूस खालच्या माणसाचा ओढाच बदलून टाकतो, आणि खालच्या माणसाला ते कोणी सांगत नाही.

कोणी म्हणेल, असा पूर शंभर वर्षांत एकदा येतो. लहान धरणांचा सांडवा शंभर वर्षांच्या पुरासाठी धरावा असे भारतीय मानक सांगते, आणि तेही पाच लाख घनमीटरपासून पुढच्या साठ्यांसाठी. आपले तळे त्या वर्गातही बसत नाही. पण 'शंभर वर्षांत एकदा' याचा अर्थ दरवर्षी शंभरात एक शक्यता. पन्नास वर्षे तो बांध उभा राहिला, तर त्या काळात एकदा तरी असा पूर येण्याची शक्यता शंभरात चाळीसच्या जवळ जाते.

पुरानेच बांध फुटतात असेही नाही. आपली काळी माती पाणी धरायला उत्तम, पण ती उन्हाळ्यात भेगाळते. बांधाचा माथा एप्रिल-मे मध्ये वाळून फाटतो, आणि मृगात तळे झपाट्याने भरले की पाणी त्या भेगांतून शिरते. म्हणून जुने जाणते लोक काळी माती आत, गाभ्यात घालत आणि दोन्ही अंगांना मुरूम घालत. मुरूम फाटत नाही, गाभ्याला झाकून ठेवतो. पाया खणून चर काढायचा आणि तो काळ्या मातीने ठोकून भरायचा, म्हणजे पाणी बांधाखालून निसटत नाही. माती वीतभर थरांनी टाकायची, थरावर पाणी मारायचे, रोलर फिरवायचा, मग पुढचा थर. या कामाला वेळ लागतो. तासाच्या भाड्याने आलेले यंत्र एकदम मीटर-दोन मीटरचे ढीग लोटते आणि वरून ट्रॅक्टर फिरवतात. असा बांध बाहेरून तसाच दिसतो.

सर्वांत नाजूक जागा म्हणजे पाणी सोडायचा पाईप. पाईपाच्या पोटाखाली माती नीट ठोकली जात नाही, पाणी त्याच्या कडेकडेने वाट काढते. पानशेतला 12 जुलै 1961 ला जे झाले, त्यातही पाणी सोडण्याच्या मार्गावरचा भराव खचत गेला होता. ते मोठे धरण होते आणि सरकारी होते. मातीला मालक कोण ते कळत नाही.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी, घरी जाऊन सांगावी. बांधाच्या बाहेरच्या पायथ्याशी स्वच्छ पाणी झिरपत असेल आणि ते वाढत नसेल, तर लक्ष ठेवावे. पाणी गढूळ येऊ लागले, तर बांधाची माती आतून वाहून चालली आहे. त्या जागी बाहेरून चिखल थापून तोंड बंद करू नये, त्याने आतला दाब वाढतो. आधी वाळू, वर खडी, वर दगड असा भार द्यावा, म्हणजे पाणी जाईल आणि माती राहील. आणि तळे उतरवायला घ्यावे.

उतरवायचे कशाने? पाच अश्वशक्तीचा पंप सेकंदाला दहा लिटर उपसतो असे धरा. तीस हजार घनमीटर उपसायला एका पंपाला चौतीस-पस्तीस दिवस लागतील. गावातले दहा पंप आणले तरी साडेतीन दिवस. फूटभर व्यासाचा, व्हॉल्व्ह बसवलेला पाईप बांधताना नीट घातला असेल, तर दीड-दोन दिवसांत बरेचसे पाणी खाली येते. तो पाईप नसणे हा माझ्या मते गुन्हा मानला पाहिजे.

याला इतिहासाचा पुरावा आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात साऊथ फोर्क नावाचे मातीचे धरण होते. ते सरकारने कालव्यासाठी बांधले, कालवा मागे पडला, आणि धरण खाजगी हातांत गेले. मधल्या एका मालकाने पाणी सोडायचे लोखंडी पाईप काढून विकले. नंतर श्रीमंतांच्या एका क्लबने मासेमारीसाठी ते घेतले. त्यांनी पाईप परत बसवले नाहीत. माथ्यावरून घोडागाड्या जाव्यात म्हणून माथा थोडा खाली केला. विकत आणून सोडलेले मासे निसटू नयेत म्हणून सांडव्यावर जाळ्या बसवल्या. 31 मे 1889 ला मोठा पाऊस झाला, जाळ्यांत ओंडके अडकले, पाणी माथ्यावरून गेले, आणि खालच्या जॉन्सटाऊनमध्ये 2209 माणसे मेली. ते धरण बावीस मीटर उंच होते, आपल्या बांधाच्या तिप्पट-चौपट. पण त्यात केलेली एकही गोष्ट मोठ्या धरणालाच करता येते अशी नाही. पाईप काढणे, माथा खाली करणे, सांडवा अडवणे. आपल्याकडेही सांडव्यात गोणपाटे रचून हातभर जास्त पाणी धरतात, मासळी जाऊ नये म्हणून जाळी लावतात. त्या क्लबकडून पीडितांना न्यायालयात भरपाई मिळाली नाही.

अमेरिकेतच जॉर्जिया राज्यात टोकोआ इथे एका धार्मिक महाविद्यालयाच्या मालकीचे, सुमारे बारा मीटरचे केली बार्न्स नावाचे धरण होते. वीजनिर्मिती बंद पडल्यावर ते नुसते तळे म्हणून राहिले. 6 नोव्हेंबर 1977 च्या रात्री ते फुटले आणि खाली राहणारी 39 माणसे गेली. तोवर त्या राज्यात धरण सुरक्षेचा कायदाच नव्हता. पुढच्या वर्षी झाला. केनियात सोलाई इथे 9 मे 2018 च्या रात्री खाजगी मळ्यावरचा मातीचा बांध फुटला आणि किमान 47 माणसे गेली. दुष्काळानंतरच्या जोरदार पावसाने तो भरला होता. दुष्काळामागून येणारा पाऊस आपण ओळखतो.

आणि आपल्या जवळचे तिवरे. चिपळूण तालुक्यातले ते धरण सरकारी होते, खाजगी नव्हे, तरी मी त्याचे नाव घेतो. 2 जुलै 2019 च्या रात्री ते फुटले आणि भेंदवाडीतली वीसच्या आसपास माणसे वाहून गेली. गावकऱ्यांनी गळतीच्या तक्रारी आधीच केल्या होत्या. पाणी झिरपते आहे हे खाली राहणाऱ्यांना दिसत होते. पण तळे रिकामे करा असे सांगायचा अधिकार पाहणाऱ्यांच्या हातात नव्हता. सरकारी धरणाची ही कथा असेल, तर खाजगी बांधाखालच्या माणसाने जायचे कोणाकडे?

कायद्याकडे पुन्हा येतो. इंग्लंडमध्ये 1868 मध्ये रायलंड्स विरुद्ध फ्लेचर या खटल्यात न्यायालयाने सांगितले की आपल्या जमिनीत धोक्याची वस्तू साठवली आणि ती निसटली, तर मालकाची चूक असो वा नसो, भरपाई त्याने द्यावी. ती वस्तू म्हणजे एका गिरणीवाल्याचे तळेच होते. सहा वर्षांनी असाच प्रश्न आपल्याकडून लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे गेला. दक्षिणेतल्या कार्वेटीनगरच्या जमीनदाराचे तलाव फुटून मद्रास रेल्वे कंपनीचे पूल आणि बांधकामे वाहून गेली होती. कंपनीने रायलंड्सचा नियम मागितला. 1874 मध्ये न्यायाधीशांनी तो नाकारला. हे तलाव फार पुरातन आहेत, हजारो लोकांचे जगणे त्यांवर आहे, ते राखणे हे जमीनदाराचे कर्तव्य आहे, ते तो बुजवू शकत नाही, म्हणून हयगय सिद्ध झाली तरच तो जबाबदार, असा त्या निकालाचा आशय.

मला तो निकाल योग्य वाटतो. गावच्या पुरातन तलावाचा राखणदार आणि स्वतःच्या ऊस-बागेसाठी गेल्या वर्षी ओढा अडवणारा मालक यांना एका तराजूत घालता येणार नाही. पण म्हणूनच नव्या खाजगी बांधाच्या मालकाला कार्वेटीनगरचा आधार मिळू नये. त्याचे तळे पुरातन नाही, ते राखायची सक्ती त्याच्यावर नाही, आणि लाभ त्याचा एकट्याचा आहे. शिवाय ओढा त्याचा नाहीच. कर्नाटक जमीन महसूल कायद्याच्या कलम 67 नुसार नद्या, ओढे, नाले राज्याच्या मालकीचे आहेत. सरकारी ओढ्यावर खाजगी भिंत उभी राहत असेल, तर अट घालायचा हक्क समाजाकडे आधीच आहे.

ब्रिटनने 1925 मध्ये वेल्समधल्या डॉलगॅरॉगच्या दुर्घटनेत सोळा माणसे गेल्यावर 1930 मध्ये जलाशय सुरक्षेचा कायदा केला. त्यांनी उंचीऐवजी साठा धरला, आणि तोही नैसर्गिक जमिनीच्या पातळीच्या वर उभ्या असलेल्या पाण्याचा. 1975 च्या कायद्यात मर्यादा 25,000 घनमीटर झाली. वेल्सने ती पुढे 10,000 वर आणली. सरकारी असो, खाजगी असो, एवढे पाणी धरले की अभियंत्याची देखरेख आलीच. आपल्या उदाहरणातले तीस हजारांचे तळे तिथे कायद्यात बसते. इथे बसत नाही.

अभियंता प्रत्येक शेतावर कुठून आणणार, हा आक्षेप मला मान्य आहे. परवान्याच्या नावाने शेतकऱ्याला तालुक्याच्या खेपा घालायला लागल्या, तर बांध न विचारता होतील आणि जास्त वाईट होतील. म्हणून माझी मागणी लहान आहे, आणि ती बेंगळुरू-दिल्लीकडे नसून ग्रामपंचायतीकडे आहे. जमिनीवर तीन मीटरपेक्षा उंच पाणी धरणाऱ्या प्रत्येक खाजगी बांधाची नोंद पंचायतीच्या वहीत आणि जमिनीच्या पहाणीत, म्हणजे उताऱ्यात, व्हावी. पहाणीत का? जमीन विकली गेली की बांध नव्या मालकाकडे जातो. त्याला जबाबदारीही मिळाली पाहिजे. बांधाखाली दोन किलोमीटरपर्यंत ओढ्याकाठी कोण राहते, त्या घरांची यादी नोंदीला जोडावी. यादी कोरी असेल, तर मालकाला त्याच्या पाण्यासह सुखाने राहू द्यावे. यादीत एक जरी घर असेल, तर सांडव्याची रुंदी अभियंत्याकडून काढून घ्यावी, पाईप सक्तीचा करावा, आणि अनुदान असो वा नसो, त्या खर्चाला पंचायतीने हातभार लावावा. माणसे वाचवण्याचा खर्च एकट्या शेतकऱ्यावर टाकणे मला रास्त वाटत नाही.

आपल्या भागात एक अडचण जास्तीची आहे. 1 नोव्हेंबर 1956 ला जुन्या बीदर जिल्ह्यातले निलंगा, उदगीर, अहमदपूर तालुके आजच्या महाराष्ट्राच्या बाजूला गेले, आपण आजच्या कर्नाटकाच्या बाजूला राहिलो. ओढ्यांनी ती रेघ पाहिलेली नाही. बांध एका राज्यात आणि खालची वस्ती दुसऱ्या राज्यात असे सीमेवर कुठेही होऊ शकते. मोठ्या धरणांसाठी राज्याराज्यांतला असा प्रश्न राष्ट्रीय प्राधिकरणाकडे नेण्याची सोय 2021 च्या कायद्यात आहे. लहान बांधासाठी दोन सरपंचांनी एकमेकांचे फोन नंबर ठेवणे एवढीच सोय आज शक्य आहे. ती तरी करावी. सूचना कन्नड आणि मराठी दोन्हींत लिहावी, रात्री दोन वाजता कोणालाही वाचता यावी.

मृग लागायच्या आधी एक ग्रामसभा होते. त्या सभेपुढे पुढील ठराव मांडावा, अशी इथे बसलेल्या सदस्यांना माझी विनंती आहे : गावाच्या हद्दीतल्या खाजगी बांधांची यादी करावी. मालक आणि खालच्या वस्तीतला एक माणूस यांनी मिळून वर्षातून दोनदा, मृगाआधी आणि हस्तानंतर, बांधावर फेरी मारावी. सांडवा मोकळा आहे का, माथ्यावर भेगा आहेत का, पायथ्याचे पाणी गढूळ आहे का, हे वहीत लिहून दोघांनी सह्या कराव्यात. आणि पाणी गढूळ दिसले, तर तळे उतरवा असे सांगायचा अधिकार खालच्या माणसाला असावा. मालकाने तो अधिकार नोंदीच्या वेळीच लिहून द्यावा.